सिस्टर आणि पायांवरचे थर

सिस्टर कोणालाही भेटल्या की आधी त्याच्या पायांकडे बघायच्या. चेहरा नंतर. "बरी हायस ना गं?" असं विचारता विचारता त्या वाकायच्या, सलवारीची किनार दोन बोटांत धरायच्या आणि चुरगाळून बघायच्या. कापड कुठलं, आत आणखी काही घातलंय का, मोजा घोट्याला रुतलाय का. पुरुषांच्या पँटचीही गय नव्हती. कडावच्या नाक्यावर एका धिप्पाड माणसाची पँट त्यांनी भर गर्दीत वर करून पाहिली होती आणि तो माणूस मुकाट उभा होता. जन्मल्यावर त्याला पहिल्यांदा पुसून कपड्यात गुंडाळलं होतं ते सिस्टरांनीच. तो काय बोलणार?

आमच्या भागातल्या आरोग्य उपकेंद्रात त्या एकतीस वर्षं नर्स होत्या. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाच्या फळ्यावर वाचून कळलं. गावासाठी त्या सिस्टर. त्यांची सासूही त्यांना शेवटी शेवटी सिस्टरच म्हणायची.

नोकरी लागली तेव्हा डोंगराखालच्या वाड्यांपर्यंत गाडी जात नव्हती. सिस्टरांनी भावाची सायकल घेतली आणि लसींचा डबा कॅरिअरला बांधून फिरायला लागल्या. पांढऱ्या साडीत. भात कापून झालं की आमच्याकडे शेतात वाल टाकतात. सकाळी त्या वालावर दंव असतं आणि धुकं इतकं खाली उतरतं की बांधावरचा माणूस कमरेपासून वरच दिसतो. त्या दंवातून सायकल हातात धरून गेल्यावर साडी गुडघ्यापर्यंत भिजायची, आणि मग सायकलवर बसलं की वारा त्या ओल्या कापडावर लागायचा. दुसऱ्याच हिवाळ्यात त्यांनी साडीच्या आत भावाचा पायजमा चढवला. पुढे तपासणीला आलेल्या एका साहेबांना तो साडीखालून दिसला. साहेब चिडले. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, नियमात पांढरी साडी लिवलीय. आत काय घालायचं ते नाय लिवलं."

त्या पायजम्यापासून सुरू झालेला त्यांचा अभ्यास निवृत्तीनंतरही संपला नव्हता. नोकरी सुटली तरी सायकल सुटली नाही. रोज सकाळी कडाव ते कशेळे आणि परत, हा त्यांचा नेम. थंडीच्या दिवसांत त्या रस्त्याने जाताना पाहणाऱ्याला गंमत वाटायची, कारण कंबरेच्या वर एक साधा स्वेटर आणि कंबरेखाली एवढा बंदोबस्त.

माझी आणि त्यांची ओळख तशी लग्न होऊन कडावला आले तेव्हापासूनची, पण जवळीक झाली ती अविनाश गेल्यानंतर. अविनाश माझे पती. श्रावणात एका दुपारी ते जेवून उठले, हात धुवायला मोरीत गेले आणि तिथेच खाली बसले. ते पुन्हा उठले नाहीत.

त्यानंतरचं सगळं मी केलं. दाखले आणले, अर्ज भरले, पुण्याला शिकणाऱ्या ऋताला परत तिच्या वसतिगृहात सोडून आले, कर्जतच्या कॉलेजच्या ऑफिसात पुन्हा कामाला जायला लागले. रडले मात्र नाही. लोक माझ्या रडण्याची वाट बघत होते हे मला कळायचं. नणंद तर येताना प्रत्येक वेळी दार लोटून घेऊन समोर बसायची. पण आत काही नव्हतंच. भाजीत मीठ जास्त पडलं की कमी, ते कळत नव्हतं. हात धुताना ते दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे वाटायचे. दुःख म्हणावं तर तेही नाही. ऋताचा फोन आला की मी दोन वाक्यं बोलायचे आणि तीही गप्प व्हायची.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी सिस्टर आल्या. माझ्या पायांकडे बघितलं. मग पडवीत उभ्या असलेल्या अविनाशच्या सायकलीकडे. ती गिअरची सायकल अविनाशनी हौसेने घेतली होती आणि जेमतेम चार वेळा चालवली होती.

"उद्या सहाला काढ ही," सिस्टर म्हणाल्या.

"मला इच्छा नाही सिस्टर."

"इच्छा कोन इचारतंय? हवा हाय का चाकात, ते सांग."

हवा होती.

दुसऱ्या दिवशी मी एका सुती सलवारीत निघाले. थंडी त्या वर्षी लवकर पडली होती. पुलापर्यंत पोचेतो गुडघे आखडले, पायडल मारताना मांड्यांवर कोणी गार पाण्याचा हात फिरवतंय असं होत होतं. पण मी ते दुसऱ्याच्या घरातली बातमी ऐकावी तसं नुसतं समजून घेत होते. सिस्टरांनी मागे वळून माझे ओठ पाहिले आणि सायकल उलटी फिरवली.

"परत."

घरी आल्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवलं, जसं त्या बाळंतिणीला बसवत असतील तसं. आणि शिकवलं. अंगाला लागून असतं ते कापड कधीही सुती घ्यायचं नाही. सुती कापड घाम पितं आणि ओलंच बसतं. त्यापेक्षा आठवडी बाजारात मिळतं ते पातळ, चकचकीत लेगिंग बरं. दिसायला हलकं, पण लवकर वाळतं. त्याच्यावर गुडघे. गुडघ्यांसाठी त्यांनी स्वतःच्या जुन्या लोकरी स्वेटरच्या बाह्या कापल्या होत्या. बाहीचं मनगटाकडचं तोंड पोटरीवर, रुंद तोंड मांडीवर, वर सैलसं इलास्टिक.

"गुडघा म्हंजे घरातला म्हातारा," त्या म्हणाल्या. "पांघरुन आधी त्याला. तरण्यांचं नंतर बघू."

सगळ्यात वर सैल ट्रॅक पँट. तिच्या फक्त पुढच्या बाजूला, मांडीपासून नडगीपर्यंत, फाटक्या रेनकोटचा तुकडा शिवलेला. मागे नाही. मी कारण विचारलं.

"वारा पुढून येतो ना गं? मग मागच्या बाजूला कशाला कोंडायचं? तिथनं घाम जाऊ दे."

उजव्या पायाची पँट साखळीत जाऊ नये म्हणून घोट्याशी रबर. मोजे दोन घालायचे असतील तर बूट एक नंबर मोठा हवा, नाहीतर एकच घालायचा, कारण आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही आणि तो दोन मोज्यांतही गारच राहतो. आणि शेवटचा नियम: घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच ऊब वाटली तर अर्ध्या वाटेत घामाने भिजायला होणार.

माझ्यासाठी पुढचा तुकडा त्यांनीच शिवला. शिवणयंत्र त्यांना फारसं चालवता येत नव्हतं, टाके वाकडे होते.

आम्ही रोज जायला लागलो. सिस्टर फार बोलत नसत. त्यांच्या चाळीस वर्षांच्या सायकलीला गिअर नव्हते, तरी चढावर त्याच पुढे असत. रस्त्यात ओळखीचं घर आलं की नुसतं बोट दाखवायच्या. "हितं जुळी." थोडं पुढे, "हितली नाय वाचली." आणि पायडल मारत राहायच्या. मला ते बरं वाटायचं. त्या मला कसं वाटतंय ते विचारत नसत.

विचारायच्या ते एवढंच. रोज सकाळी त्यांच्या अंगणात मी सायकल थांबवली की त्या दारातून, मोजे हातात घेऊन विचारायच्या, "किती वाजते आज?" नुसतं 'वाजते' म्हटलेलं चालत नसे. घोट्याला वाजते का मांडीला? बोटं दुखतात का नुसती गार पडतात? काल होती तेवढीच का जास्त? मला वाटायचं, नर्सची सवय. पेशंटला विचारतात तसं. मी तोंडाला येईल ते सांगायचे. 'थोडी.' 'कालच्यासारखीच.' 'बरीच.' खरं तर मी बघतच नव्हते. थंडी अंगाला लागत असायची, पण ती किती, कुठे, याकडे लक्ष द्यायला जो कोणी आत असावा लागतो तो जागेवर नव्हता. माझं उत्तर ऐकून त्या मान हलवायच्या आणि त्याप्रमाणे थर चढवायच्या किंवा काढायच्या.

पौषातल्या एका सकाळी त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, "फार आहे आज." का म्हटलं, त्याला कारण नव्हतं. त्या आत गेल्या आणि मोज्यावर आणखी एक मोजा घालून आल्या. बूट नेहमीचेच.

त्या दिवशी आभाळ आलं होतं. थंडी नव्हतीच. हे मला कशेळ्याला टपरीवर बसल्यावर कळलं, तेही तिथली माणसं नुसत्या शर्टावर बसलेली पाहून. चहा येईपर्यंत सिस्टरांनी बुटात खडा गेला असेल म्हणून उजवा बूट काढला, कारण त्यांना चालताना पाय तिरका पडतोय असं वाटलं होतं. खडा नव्हता. करंगळीच्या बाजूला मोजा लाल झाला होता. त्यांनी दोन्ही मोजे उतरवले. मोठा फोड येऊन फुटला होता आणि कातडी मोज्याबरोबर निघून आली.

मी बघत राहिले. सिस्टरही बघत होत्या, दुसऱ्याचा पाय बघावा तशा.

"दुखत नाही?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून स्वच्छ रुमाल काढला, पाण्याने जखम धुतली, बांधली. मग म्हणाल्या, "घोट्याच्या खाली काय कळत नाय गं मला. तीन वर्सं झाली. साखर."

"मग पायांची थंडी कशी कळते तुम्हाला?"

"तुला इचारते ना रोज."

चहा आला. मी तो प्यायले. गोड होता का, आठवत नाही. परत येताना त्यांनी बुटाची नाडी सोडून ठेवली होती आणि मी मागून त्या लोंबणाऱ्या नाडीकडे बघत सायकल चालवत होते. सकाळी मी काय केलं होतं ते मला समजत होतं. सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

जखम आठ दिवसांत भरेल असं सिस्टर म्हणाल्या. भरली नाही. त्या स्वतःच ड्रेसिंग करत राहिल्या, कर्जतच्या डॉक्टरांकडे उशिरा गेल्या, आणि माघात पनवेलच्या हॉस्पिटलात त्यांच्या उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं.

मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेले. खाटेशेजारी स्टुलावर बसले आणि सांगून टाकलं. त्या दिवशी थंडी नव्हती, मी न बघताच बोलले, आणि त्याआधीही रोज तसंच बोलत होते. बोलताना माझा आवाज अगदी सपाट होता, जसा ऑफिसात फीच्या तारखा सांगताना असतो.

सिस्टर छताकडे बघत होत्या. "मला ठावं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू खोटं सांगतेस ते. एकदा धुकं इतकं होतं का समोरचं घर दिसत नव्हतं, आन तू म्हनालीस, काय नाय. मला पन डोळे हायेत ना?"

"मग विचारत का होतात?"

"एखाद दिस खरं सांगशील म्हनून." मग म्हणाल्या, "मोजा मी घातला. बूट मोठा घ्यायचा ते मला म्हाईत. लोकांना एकतीस वर्सं सांगितलं, रोज रातच्याला पाय बघा, तळव्याखाली आरसा धरून बघा. माझ्या घरात तसला आरसाच नाय. आता तुझं तू डोक्यावर घेऊ नको. मला सोसवायचं नाय ते."

मी मान हलवली. सुटका झाल्यासारखं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही, पण बसून राहिले, भेटीची वेळ संपेपर्यंत.

त्या घरी आल्यावर मी सकाळी सहाला सायकल न काढता त्यांच्याकडे जायला लागले. मुलगा नितीन खालापूरला राहून तिथल्या कारखान्यात कामाला होता, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्या एकट्याच. मी बॅटरी घेऊन त्यांचे पाय बघायचे. बोटांच्या बेचक्यात, टाचेला, घोट्याच्या हाडाखाली. मग तळहाताने चाचपून कुठे गार, कुठे गरम, कुठे कातडी जाड झालीय, ते एकेक सांगायचे. त्या डोळे मिटून ऐकायच्या.

"डावी टाच?"

"कोरडी. चीर नाही."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

आता मात्र मी खरंच बघत होते. बघावंच लागत होतं. अशा त्या चार-पाच महिन्यांत मला त्यांचे पाय माझ्या पायांपेक्षा जास्त पाठ झाले. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरलं तशी नितीनला काळजी वाटायला लागली आणि तो त्यांना खालापूरला घेऊन गेला. निघताना त्यांनी माझ्याकडे पाहून फक्त एवढंच म्हटलं, "सायकल पडवीत ठेवू नको, गंज धरंल." मी बरं म्हटलं. गाडी वळून गेली आणि मी ऑफिसला गेले.

फाल्गुनात सिस्टर गेल्या. किडन्या गेल्या होत्या, डॉक्टर म्हणाले, पायाचं निमित्त नव्हतं. त्याच्या महिनाभर आधी आमची जी भेट झाली, ती मला सांगायची आहे.

त्या फोनवर नेहमी एकच सांगायच्या, "पाय ठीक हायेत." जानेवारीतल्या एका रविवारी मी उठले आणि ठरवलं की जाऊन बघायचं. सायकलनेच. एवढ्या लांब मी कधी गेले नव्हते, आणि एकटी तर नाहीच. अंगणात उभी राहून मी नडगीला वारा लागतो का ते पाहिलं. दंव पडत होतं, वारा नव्हता. लेगिंग, गुडघे, ट्रॅक पँट, एक मोजा. कर्जत ओलांडून पळसदरीच्या बाजूला लागले तेव्हा उजाडत होतं. तळ्यावरून गारठा येत होता आणि तो आधी बोटांना लागला, मग घोट्याला. मांड्या गरम होत्या. खोपोलीच्या रस्त्याला लागेपर्यंत पाठीवर घाम आला, तेव्हा थांबून गुडघ्यांवरच्या लोकरी बाह्या काढल्या. खालापूरला पोचायला नऊ वाजले.

सिस्टर घरासमोर उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. वाळल्या होत्या. पायांवर चादर होती. मला बघून त्यांनी हात पुढे केला तो माझ्या पँटकडे. कापड चुरगाळलं. "येकटी आलीस? बरं केलंस."

"पाय बघू."

"सुनेने बघितलेत."

आतून सून म्हणाली, "कुठे हो? आई मला हातच लावू देत नाहीत. म्हणतात, तुला कळत नाही त्यातलं."

मी चादर उचलली. डाव्या टाचेला रुपयाएवढा काळा डाग होता, कडेने ओला. निदान आठवडाभराचा. वास येत होता.

आणि मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. लोकांना शहाणपण शिकवता, आणि स्वतः? फोनवर खोटं कोणी सांगितलं, मी का तुम्ही? कोणाला विचारून लपवलंत? मी रोज सकाळी गुडघे टेकून बघत होते ते काय होतं मग? न सांगता उठून जायचं, असंच करता तुम्ही सगळे, आणि मागे राहिलेल्याने काय करायचं? शेजारच्या घरातले लोक बाहेर आले. सून दारात पीठ लागलेले हात घेऊन उभी राहिली. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता, तो चिरका होता, मध्येच फाटत होता.

सिस्टर हसत होत्या. दात नसलेल्या बाजूने, पूर्ण तोंड उघडून.

"हसताय काय?"

"ओरड गं," त्या म्हणाल्या. "थांबू नको. दीड वर्सं झाली, तुझा आवाज नाय ऐकला कुनी."

मग मी आणखी ओरडले. संपेपर्यंत ओरडले. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "नितीनला बोलव. जाऊ आपन हॉस्पिटलात." नितीन आला, गाडी काढली. त्यांना बसवताना मी त्यांची टाच तळहातात धरली होती. ती गरम होती, नको इतकी. दार लावताना त्यांनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "जेवून जा."

मी जेवले. सुनेने भाकरी आणि वालाची उसळ दिली. तिखट होती, दोनदा पाणी मागून घेतलं. साडेअकराला निघाले. ऊन चढलं होतं, ट्रॅक पँट काढून कॅरिअरला बांधली. घसा बसला होता. गिळताना दुखत होतं. चढावर श्वास लागला की आणखी दुखायचं.

पळसदरीच्या अलीकडे ऋताचा फोन आला. मी सायकल थांबवून घेतला.

"आई, आवाजाला काय झालं?"

"भांडले."

"तू? कोणाशी?"

"सिस्टरांशी."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "का?"

रस्त्याच्या कडेला एक आंब्याचं झाड होतं. मी सायकल त्याला टेकवली, मुळांवर बसले आणि तिला श्रावणातल्या त्या दुपारपासून सांगायला लागले.